मामांच्या बांधाचा खटला

करार कायद्याच्या पेपरात मी उडालो. एकदा नाही, चांगला दोनदा. दिवसभर ओझरच्या कारखान्यात स्टोअरची कारकुनी आणि संध्याकाळी नाशकात कायद्याचा वर्ग, असं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं माझं आयुष्य. तिसऱ्यांदा उडालो असतो तर पुढच्या वर्षाला प्रवेश नव्हता. मी बायकोला सांगूनच टाकलं, “आता उडालो तर सगळी पुस्तकं रद्दीत.” ती भाकरी थापत होती. म्हणाली, “घाला की. पण पास होऊन घाला.”

अभ्यासाला वेळ मिळायचा तो कारखान्याच्या बसमध्ये. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. बाकीचे डुलक्या काढायचे आणि मी खिडकीशी बसून इंग्रजी कलमं घोकायचो. स्वल्पविरामसुद्धा चुकायचा नाही. अर्थबिर्थ मात्र विचारू नका!

आणि नेमका तोच मामांनी विचारला. मामा म्हणजे आमच्याकडचे जुने फिटर, पन्नाशीचे. वाटेवरच्या एका गावातून चढायचे. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. त्या दिवशी माझ्या शेजारी बसले, पुस्तकात डोकावले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, काय वाचताय एवढं?” मी तोऱ्यात एक कलम धडाधड म्हणून दाखवलं.

“म्हंजी काय?”

झालं! माझी ततपप सुरू. मामांनी हात हलवला. “बरं, ऱ्हाऊ द्या. माझ्या भावानं बैल घेतला. इकनारा म्हन्ला, जवान हाय. घरी आनला तर म्हातारा निघाला. आता बैल परत देता येतो का नाय, तेवढं सांगा.”

उद्या सांगतो म्हटलं. त्या संध्याकाळी वर्गात मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला आणि सरांना बैलाचं विचारलं. वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. त्यांनी सगळा तास त्या बैलावरच घालवला. दुसऱ्या दिवशी मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी पुन्हा ‘म्हंजी काय’ केलं, मी पुन्हा सांगितलं. ओझर आलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मग रोज काहीतरी नवीन. सतरा वर्षांच्या पुतण्यानं पाण्याच्या मोटारीच्या खरेदीच्या कागदावर सही ठोकलेली. मेव्हण्यानं शब्द देऊन फिरवलेला. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शेजाऱ्यानं दरवर्षी वीतभर कोरलेला शेताचा बांध. बसमधले चिडवायचे, “मामा, तुमचं घर आहे का कोर्ट?” मला मात्र मनापासून वाईट वाटायचं. काय हे घराणं! हा माणूस झोपतो तरी कसा?

परीक्षेत अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या कराराचा प्रश्न आला. अरे, हा तर मामांचा पुतण्या! मी मनातल्या मनात मामांना शेजारी बसवलं आणि जिथे ते ‘म्हंजी काय’ म्हणाले असते तिथे आणखी एक वाक्य लिहिलं. इंग्रजी माझं मोडकंतोडकंच होतं, पण पास झालो. पुढची वर्षंही तशीच निघाली. विषय बदलला की मामांच्या घरातली भानगडही बदलायची.

वकिलीची सनद मिळाल्यावर पहिल्याच रविवारी पेढे घेऊन मामांच्या गावी गेलो. दारात मामी होत्या, मामा ओट्यावर बसले होते. मी ऐटीत सांगितलं, “मामी, तुमच्या बांधाचा खटला मी चालवणार. फी एक पैसा घ्यायचा नाही.”

मामी हसायलाच लागल्या. “कुठला बांध? आमच्याकडं बोटभर जमीन नाय. कधीच नव्हती.”

“मग तो पुतण्या? भावाचा बैल?”

“ह्यांना भाऊच नाय, पुतन्या कुठून येनार? रविवारी पारावर बसून गावच्या भानगडी गोळा करायचे. म्हनायचे, पोरगं नुसतं पोपटावानी बोलतंय, पेपरात काय लिवनार?”

मामा खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत होते. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? अख्खी बस झोपायची तेव्हा हा माणूस माझ्यासाठी जागा राहिला होता, तोही इतकी वर्षं.

मामा उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आले. “ही भानगड मातर खरी हाय,” ते म्हणाले. “ह्या घराची जागा. वीस वरसं ऱ्हातोय, पन नावावर झाली नाय. आता खाली करा म्हनून नोटीस आली. दोन म्हयने झाले.”

“मामा! इतके दिवस बैलाचं विचारत बसलात, मग हे का नाही विचारलंत?”

“तवा तुमी शिकत व्हते,” मामा म्हणाले. “बैल खोटा व्हता, चुकलं तरी चालत व्हतं. घर खरं हाय.”

मी हसलो आणि हसता हसता रडलोही. मग डोळे पुसून नोटीस वाचायला घेतली. मामी पेढ्यांचा पुडा तसाच हातात धरून उभ्या होत्या. मामा माझ्या शेजारी बसले, बसमध्ये बसायचे तसेच, खांद्याला खांदा लावून. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि काय काय करावं लागेल ते सांगितलं. मामांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी एकदाही ‘म्हंजी काय’ विचारलं नाही.