मागच्या दाराचा कॅमेरा

कुलूप लावलेल्या पडवीतून भरलेला गॅस सिलिंडर गेला आणि कुलूप शाबूत राहिलं. रहिमतपूरजवळच्या त्या घरात सासूबाई एकट्या असतात. नवरा फौजेत, मी नोकरीसाठी सांगलीला. दुसरी किल्ली शेजारच्या धाकट्या चुलत जावेकडे. ती रोज सकाळी मागच्या दाराने येऊन सासूबाईंना इन्सुलिन टोचायची. मीच शिकवलं होतं. संशय घ्यायला दुसरं माणूसच नव्हतं.

मी सरळ कॅमेरा विकत आणला.

घर दगड-मातीचं, वर पत्रा. दोन दिवे आणि एक पंखा, त्यांच्या वायरीही लाकडी पट्टीवरून ओढलेल्या. इंटरनेट नाही. म्हणून सिमकार्डवर आणि उन्हावर चालणारा कॅमेरा घेतला. भिंतीला ड्रिल लावलं तर नुसती माती गळायला लागली, तेव्हा स्क्रू तुळईला मारले. रेंज मिळाली ती फक्त मागच्या दाराशी. तिथून पडवी दिसायची आणि स्वयंपाकघरही.

"माज्या चुलीवर कशाला डोळा?" सासूबाई म्हणाल्या.

"चोरावर आहे."

जाऊ उंबऱ्यात उभी होती. चोर कोण, हे तिने विचारलं नाही. "ह्यात कोन कोन बगतंय?" एवढंच विचारलं.

"मी आणि तुझे भावजी. दोघांच्या फोनात आहे."

तिचा प्रश्न मी लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती पदर नाकापर्यंत ओढून, तोंड भिंतीकडे करून यायला लागली. एरवी गाऊनवर येणारी, चहा पिऊन, चार गप्पा मारून जाणारी बाई. चौथ्या दिवशी आत आलीच नाही. "आत्या, भाईर या," एवढा आवाज आला. सासूबाई बाहेर जाऊन टोचून घेऊन आल्या. सांगलीत बसून मी ते चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं. माझी खात्री पटली.

सातव्या दिवशी सासूबाईंचे गुडघे धरले. त्या बाहेर गेल्या नाहीत, ती आत आली नाही. इंजेक्शन चुकलं. आठव्या दिवशीही चुकलं, तेव्हा सासूबाईंनी फोन केला. मी मिळेल त्या एसटीने गेले. त्या मलूल पडल्या होत्या, साखर चढलेली. त्यांना इन्सुलिन दिलं, डॉक्टरांना फोन केला आणि तशीच जावेच्या दारात गेले.

"आधी तोंड लपवत होतीस, आता येतच नाहीस. मी काय समजायचं?"

"आवं आक्का, तुमचं मालक बगत्यात तितनं, माजं थोरलं दीर. त्यांच्या म्होरं गाऊनवर येऊ व्हय मी? आजवर त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली न्हाई!"

माझे थोरले चुलत दीर पुढच्या सोप्यात बसलेले असले की मीसुद्धा आजही मागच्या दाराने जाते. तिलाही तो नियम लागू आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

तरी विचारलंच, "आणि सिलिंडर?"

"मला इचारताय, का तुमच्या त्या डब्याला?"

त्याच दिवशी नवऱ्याच्या फोनातून कॅमेरा काढायला लावला. "घर माझं आणि बंदी मलाच?" तो फोनवर कुरकुरला. माझ्या फोनातला मात्र ठेवला, आणि जावेला तसं सांगितलं. सिलिंडर अजून सापडलेला नाही.

साखर उतरल्यावर मी सांगलीला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला. जाऊ आत आली, गाऊनवर, डोकं उघडं. तिने सिरिंज भरली, खुर्ची ओढून तीवर चढली आणि सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरली.

"बारा युनिट, आक्का. नीट बगून घ्या. न्हाईतर उद्या म्हणाल, दोन चोरलं."

मागे सासूबाई खो खो हसत होत्या.

मी चित्र थांबवून, मोठं करून बघितलं. बाराच होते.