जयवंतीनं अडवलेली बाटली

पोशेऱ्याच्या जयवंतीला कुणी नाही म्हटलं की तिच्या कपाळावर एक आडवी आठी उमटायची. ती दिसली की घरातले ओळखायचे, आता ही ऐकत नाही. बारावी होताच बाप पुंजानं तिचं लग्न ठरवत आणलं, तर ही नाशिकला नर्सिंगला निघून गेली. वसतिगृहातल्या मुली हसायच्या, "पाणी म्हण गं, पानी काय?" ती म्हणायची, "तहान भागते ना? मग झालं."

पुढं ती मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात लागली. अठ्ठ्याण्णवच्या भादव्यात, एका दुपारी, तिचा थोरला भाऊ गोकुळ आपल्या बायकोला, रुपीला, डोलीत घालून तिथं घेऊन आला.

रुपीला आठवडाभर ताप होता. बाजारातल्या कुठल्याशा डॉक्टरानं तिला सलाईनच्या बाटल्या चढवल्या होत्या. ताप हटला नव्हता, वर धाप लागली होती. तिला आडवं होता येईना, ओठांवर फेस आलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त पाहिलं. मलेरिया, तोही मारका.

"फुफ्फुसात पाणी झिरपतंय, सिस्टर. सलाईन बंद. बसती ठेवा, ऑक्सिजन चालू ठेवा." मलेरियाची सुई आणि लघवी होण्याची सुई देऊन ते शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणीकडे धावले. तिचं मूल अडलं होतं. रुपीला नाशिकला हलवायचं होतं, पण दवाखान्याची गाडी जव्हारला गेलेली.

डॉक्टर नजरेआड होताच गोकुळ पुढं झाला. "बाटली का लावली नाही? लाव."

"लावायची नाही, दादा."

रुपीचा बाप तुका दारातूनच ओरडला, "गरिबाच्या पोरीला एक बाटली नाय? मरायला सोडली काय तिला?" मागं जमलेली माणसंही बोलू लागली. बाटली म्हणजे जीव, एवढंच सगळ्यांना ठाऊक. गोकुळनं टेबलावरची बाटली उचलली. जयवंती खाटेच्या आड उभी राहिली.

"ऐक. आपल्या कुडाचं लिंपण पडलं की कारवीच्या काठ्यांच्या फटींतून पाऊस आत येतो का नाही? छातीत केसाहून बारीक नळ्या असतात रक्ताच्या. त्यांची भिंत एका थराची. बारीक बारीक पेशी कडेला कड लावून एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून रक्त आत राहतं न् हवेची जागा कोरडी. या तापानं त्यांची पकड सैल झालीय. फटी पडल्यात. रक्तातलं पाणी श्वासाच्या जागेत उतरतंय. तू शिरेत ओतशील ते तिथंच जाणार."

"मग त्या फटी तशाच राहणार?"

"नाही. ताप उतरला की पेशी परत एकमेकींना धरतात. तोवर तिला बुडवायची नाही."

"तुझ्यावरच ही पाळी आली असती तर?" तुकानं विचारलं.

"तर बाटली लावणाऱ्याचा हात मी धरला असता, बाबा."

गोकुळचा चेहरा लाल झाला. "हिला काय झालं ना, तर आपल्या घराचा उंबरा तुला बंद."

"बंद कर. बाटली लागणार नाही."

तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. रुपी वाचेलच असं तिलाही सांगता आलं नसतं. ती रुपीच्या पाठीला पाठ लावून खाटेवर बसली, म्हणजे वहिनीला टेकायला होईल. रुपीच्या छातीतली खळखळ तिला स्वतःच्या बरगड्यांत जाणवत होती.

रुपीला लघवी होऊ लागली. उन्हं कलली तशी खळखळ थोडी उतरली. गाडी परतल्यावर डॉक्टरांनी तिला नाशिकला पाठवलं. तिथं ती बरेच दिवस होती, आणि चालत घरी आली.

गोकुळ मात्र सगळ्यांना सांगत फिरायचा, बाटली दिली असती तर आधीच बरी झाली असती. बहिणीशी तो बोलेना. काही माणसं तिला तोंडावर 'बिनबाटलीची बाई' म्हणायची. ती ओ द्यायची.

त्या दिवाळीत रुपी एकटीच नव्या भाताचे पोहे घेऊन मोखाड्याला आली.

"हे अजून रुसलेत," ती म्हणाली.

"रुसू दे," जयवंती म्हणाली. "भांडायला तू जिती आहेस ना. घरी जा न् माझ्या वाटचं भांड."