आधी हात, मग रागावणं

मी शेततळ्यात पडले तेव्हा माझा मुलगा शामुवेल काठावर उभा राहून विश्वासावर बोलत होता. त्याला पोहता येत नाही. मलाही येत नाही. तरी त्यानं शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, बायकोच्या हातात दिलं (पानाला खूण ठेवून!) आणि माझ्यामागे उडी मारली. आता बुडणारे दोन झाले.

आमचं शेततळं दोन पुरुष खोल आहे. आत सगळीकडे काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. आत गेलेल्याला धरायला काही नाही. मी खुर्चीसकट पडले होते, म्हणून ती प्लास्टिकची खुर्चीच उराशी धरली. शामुवेल आला आणि त्यानंही तीच धरली.

हे घडलं कसं, ते सांगते. दर रविवारी उपासनेहून आल्यावर शामुवेल, सून सुनंदा आणि त्यांच्या दोन पोरी मिळून शास्त्र वाचतात. नुसतं वाचत नाहीत, आईबाप पोरींना विचारतात, "तुला काय वाटतं?" मला हे पटत नव्हतं. मी चौथी शिकलेली. आमच्या वेळी चर्चमध्ये पाळकसाहेब सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. (निम्म्या झोपेतच!)

त्या दिवशी गोष्ट होती येशूच्या शिष्याची, पेत्राची. तो पाण्यावर चालायला निघाला आणि बुडायला लागला, ती. शामुवेल म्हणाला, "तळ्याकाठी बसून वाचू. पोरींच्या ध्यानात राहील." (राहिलं!)

थोरली रुथ पंधराची. ती म्हणाली, "पप्पा, येशूनं आदी त्याला हात दिला. मग रागावला. आपल्या घरात उलटं हाय. आदी रागावतेत. हात नंतर, टाइम ऱ्हायला तर."

सुनंदा उगाच पान उलटायला लागली. मी म्हणाले, "घ्या! इचारा अजून पोरींना!"

"आज्जे, तुझ्या खुर्चीचे मागचे पाय कागदावर गेलेत. पुढं सरक," रुथ म्हणाली.

"तू मला शिकवतीस? तुज्या बापाला चालायला मी शिकवलंय!" असं म्हणून मी ऐटीत मागे रेलले. पुढचं वर सांगितलंच आहे.

तर आम्ही मायलेक एका खुर्चीला लोंबकळत होतो. माझं लुगडं फुग्यासारखं फुगलं होतं आणि आता हळूहळू बसत चाललं होतं. तेवढ्यात शामुवेलनं प्रार्थना सुरू केली. त्याची प्रार्थना आमच्या मंडळीत नावाजलेली आहे. जेवणाआधी केली तर भाकरी गार होते. "हे स्वर्गीय पित्या, तू आकाश आणि पृथ्वी निर्माण केलीस, तू डोंगर..."

"पप्पा! आमेन म्हणा अन् पाइप धरा!"

रुथनं मोटरीजवळचा काळा पाइप ओढून आणला होता. त्याचे दोन वेढे कुंपणाच्या लोखंडी खांबाला दिले, टोक आईच्या आणि धाकट्या एस्तेरच्या हातात दिलं आणि दुसरं टोक आमच्याकडे फेकलं. सुनंदा रडत होती, एस्तेर रडत होती. रुथ नाही.

"आदी आज्जी. पप्पा, तुमी खुर्ची सोडू नका. आज्जे, पाइप काखंखालून घे. आता ओढतो."

आवाज इतका शांत, की जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं तरी निमूट ऐकलं. शेवाळावरून पोत्यासारखी वर आले. काठाजवळ रुथ पालथी पडली होती. तिनं हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. ती गोष्ट मी साठ वर्षं ऐकत होते, पण ती कानातच राहिली होती. त्या दिवशी नाकातोंडातून आत गेली. पंधरा वर्षांच्या पोरीचा हात, पण मी त्या हाताकडे वर बघायला घाबरले.

मग शामुवेल आला. खोकला, ओकला, नीट श्वास घ्यायला लागला. रुथनं आमच्या दोघांच्या छातीवर हात ठेवून बघितलं. आणि त्यानंतर रागावली!

"सरक म्हणलं तर ऐकू येत न्हाई का, आज्जे? अन् पप्पा, तुमाला पोहता येतंय व्हय? उडी कशाला मारली?"

अर्धा तास! शामुवेल मान खाली घालून बसला. मी तोंडाला तोंड देणारी बाई, पण मला एक शब्द उलट बोलता आला नाही. माझी कवळी तळ्यात राहिली होती.

नवी अजून बसवलेली नाही. सून म्हणते, घाई नाही.

तर त्या तळ्यात दोघं पडलो होतो, शामुवेल आणि मी. दोघंही जिवंत आहोत. कवळी गेली.