नव्वद दिवसांचा घरमालक

मार्सेल तुस्कानोने हॉलंडमधल्या एका खेड्यात घर घेतलं, तेव्हा ओमानमधल्या आमच्या सीबच्या मराठी मंडळींत दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक, सुताराकडे एवढा पैसा आला कुठून. दुसरी, म्हातारपणी चैन आहे बुवा. दोन्ही चूक. पैसा बत्तीस वर्षांच्या कामातून आला. आणि चैन कसली ते मी सांगते, कारण त्या घराचे कागद वाचायला मी बसले होते, आणि वाचण्यात मीही चुकले.

मार्सेल वसईचा. एकोणतिसाव्या वर्षी ओमानला आला, आता एकसष्टचा आहे. सीबच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, एक सुतारकामाचं वर्कशॉप आहे, तिथे हेल्पर म्हणून लागला आणि फोरमन झाला. जुना मालक वारला, त्याचा मुलगा अम्मार अर्बाब, म्हणजे मालक, झाला. या अम्मारला मार्सेलने लहानपणी लाकडी ट्रक करून दिला होता. तरी व्हिसाच्या कागदावर अम्मार मालक आणि मार्सेल कामगार. इथली रीतच ती, त्यात कुणाचा दोष नाही.

नऊ वर्षांपूर्वी तो आमच्याकडे स्वयंपाकघराची कपाटं करायला आला. मी मुलाकडे राहते. पुण्यात कॉलेजवर शिकवत होते हे कळल्यापासून तो मला टीचर म्हणतो. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणून मी अरे-तुरे करते. इंग्रजीतला कुठलाही कागद आला की शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून परतताना तो घेऊन यायचा. चहा प्यायचा, कागद समजून घ्यायचा आणि जाता जाता एखाद्या कपाटाची बिजागरी घट्ट करून जायचा. कुणी सांगावं लागायचं नाही.

त्याची बायको ब्रेंडा वसईतच राहिली, कारण कुटुंब आणण्याइतका त्याचा पगार सुरुवातीला नव्हता, आणि झाला तेव्हा मुलीची शाळा मध्यावर होती. मुलगी कॅन्डिस. ब्रेंडा सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर कॅन्डिस शिकायला हॉलंडला गेली आणि तिथेच बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तेव्हापासून मार्सेलचं घर म्हणजे वसईतला एक बंद फ्लॅट आणि वर्कशॉपच्या माडीवरची एक खोली.

गेल्या वर्षी अम्मारने वर्कशॉप विकायला काढलं. नवा मालक स्वतःची माणसं आणणार. मार्सेलचा व्हिसा मार्चपर्यंत होता, त्यानंतर खलास. त्याच सुमाराला कॅन्डिसने विचारलं, डॅडी, आपण मिळून घर घेऊ या का? एकटीच्या पगारावर तिला शहरात काही परवडत नव्हतं. उत्तरेकडे, ड्रेन्थ नावाच्या प्रांतात, एका खेड्यात एक जुनं विटांचं घर विकायला होतं. गावात चारशे माणसं, एक चर्च, तासाला एक बस. बेकरीही बंद पडलेली. पाव गाडीतून येतो, तोही आठवड्यातून दोनदा.

मार्सेलने ते घर फोनवर पाहिलं. माझ्याच टेबलावर फोन टेकवून पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. रस्त्याकडेला मोठ्या काचा, पडदा नाही. लोक आत बघत नाहीत का, असं त्याने विचारलं, तर कॅन्डिस म्हणाली, इथे बघायला लोक लागतात ना, डॅडी. मग त्याने तिला एक स्क्रूड्रायव्हर घ्यायला लावला आणि प्रत्येक खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा टोचून बघायला सांगितला. पाणी तिथे साठतं, लाकूड तिथून कुजतं. तिसऱ्या खिडकीत स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला. घर विकणाऱ्याच्या एजंटचा चेहरा मी विसरणार नाही. मार्सेलचा चेहरा मात्र खुलला होता. कारण कुजलेली चौकट हे त्याला येणारं काम होतं. ते मी येऊन करीन, म्हणाला.

वर, उतरत्या छपराखाली एक खोली होती. कॅन्डिसने कॅमेरा फिरवला आणि म्हणाली, ही तुझी. त्या दिवसापासून तो फक्त त्या खोलीबद्दल बोलत असे. खाट कुठे, बाक कुठे, ब्रेंडाचा फोटो कुठल्या भिंतीला. माणसाला बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या माडीवर झोपवा, मग बघा तो खोलीबद्दल किती बोलतो ते. वसईचा फ्लॅट विकायची बोलणी त्याने पक्की केली. फ्लॅटचे पैसे आणि इथून निघताना मिळणारी रक्कम, सगळं त्या घरात. घर दोघांच्या नावावर.

आता चूक कुठे झाली ते ऐका. ओमानमध्ये परदेशी माणसाला वाटेल तिथे घर घेता येत नाही. ठरावीक संकुलं आहेत, समुद्राकाठची. तिथे फ्लॅट घेतला की घराबरोबर इथे राहायचं कार्डही मिळतं, नोकरी असो वा नसो. अशा कितीतरी फ्लॅटांची स्वयंपाकघरं मार्सेलनेच केली होती. मालक हातात किल्ली आणि खिशात कार्ड घेऊन फिरताना त्याने पाहिले होते. त्याच्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं, की जो घर घेतो त्याला राहू देतात. तो तसं माझ्याजवळ बोललाही होता, आणि मी मान डोलावली होती. दोन पदव्या असलेल्या बाईने मान डोलावली. आखातात राहणाऱ्या कुणीही डोलावली असती, पण मी तपासून बघायला हवं होतं.

सोमवारी करारावर सह्या झाल्या. मंगळवारी सकाळी मार्सेल नवा शर्ट घालून आला आणि म्हणाला, टीचर, आता कार्डाचा फॉर्म भरू या. मी लॅपटॉप उघडला. फॉर्म सापडेना. तासभर शोधलं आणि जे सापडलं ते दोनदा वाचलं. तिथे घर घेतल्याने राहायचा हक्क मिळत नाही. सज्ञान मुलीच्या बापालाही तो सहजासहजी मिळत नाही. पाहुणा म्हणून व्हिसा काढायचा, मिळाला तर एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहायचं आणि निघायचं. घराचा मालक असलात तरी.

मी त्याला सरळ सांगितलं. असल्या गोष्टी साखरेत घोळून सांगण्यात अर्थ नसतो.

 मग त्याने कॅन्डिसला फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"कॅन्डी, मला तिथे राहू देणार नाहीत, हे तुला ठाऊक होतं?"

ती म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक आहे. मला वाटलं तू येऊन-जाऊन असशील."

"तू खोली दाखवलीस. तुझी म्हणालीस."

"तुझीच आहे, डॅडी." आणि मग घाईघाईने, "मी विचारलं नाही. तू एवढा खूश होतास, मी मुद्दाम विचारलं नाही. चुकलं माझं. ऐक, इथे सही केल्यावर तीन दिवस असतात. गुरुवार संपेपर्यंत मोडता येतं, दंड नाही, कारण सांगायचं नाही. तू म्हण, मी आत्ता मेल करते."

"गुरुवारी सांगतो," म्हणाला, आणि फोन ठेवला.

माझं मत मी त्याच दिवशी दिलं. मोड म्हटलं. वसईचा फ्लॅट राख, म्हातारपणी स्वतःच्या छपराखाली मर, पोरगी तरुण आहे, तिचं ती बघेल. तिने तुला अंधारात ठेवलं हेही म्हटलं. तो म्हणाला, "तिने नाही ठेवलं, टीचर. मी दिवा लावलाच नाही." तरी राग माझा गेला नाही.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला, अंगावर भुसा तसाच. खुर्ची ओढली, पण बसला नाही. त्याने हिशेब केला होता, आणि मला वाटलं पैशांचा असेल. तो दिवसांचा होता.

"दोन वर्षांनी दोन महिने रजा," तो म्हणाला. "कॅन्डी जन्मली तेव्हापासून अठरा वर्षांची होईपर्यंत माझ्या नऊ रजा झाल्या. अठरा महिने. अठरा वर्षांत तिला बाप दीड वर्ष मिळाला, टीचर. एका रजेत तर ती मला अंकल म्हणाली होती. ब्रेंडा हसली. मी पण हसलो." त्याने बाहीवरचा भुसा झटकला. "ते लोक एका खेपेला तीन महिने देतायत. वर्षाला एकच खेप झेपेल, तरी मी कधी दिले नाहीत तेवढे."

"आणि उरलेले नऊ महिने कुठे काढशील? फ्लॅट तर विकतोयस."

"ते बघतो."

"बघतो म्हणजे? एकसष्ट वर्षांचा आहेस."

"म्हणून तर," तो म्हणाला. "सहा वर्षं जगलो तरी तिचं दीड वर्ष परत होतं."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. दिवस काही असे परत देता येत नाहीत. पाच वर्षांच्या पोरीचे दोन महिने आणि एकतीस वर्षांच्या बाईचे दोन महिने एक नव्हेत. हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही, आणि मी न बोललेल्या गोष्टी थोड्या आहेत. तो माझ्यासमोरच कॅन्डिसला म्हणाला, "मेल करू नको." पलीकडून रडण्याचा आवाज आला. त्याने तिला रडू दिलं. मग तिसऱ्या खिडकीच्या चौकटीची उंची-रुंदी मोजून पाठव म्हणाला, आणि ते मोजमाप मिलिमीटरमध्ये हवं, अंदाजे चालणार नाही, असं दोनदा बजावलं.

मार्चच्या आधी अम्मारने त्याच्यासाठी इब्रा गावी आपल्या मामाशी बोलणं केलं. मामाचं तिथल्या सूकमध्ये दारं करायचं दुकान आहे, कोरीव कामाची, आणि जुन्या हाताचा सुतार त्याला हवाच होता. हे मार्सेलनेच मला सांगितलं. मामाने कॉफी दिली, खजूर पुढे केले आणि पगार काय घेणार म्हणून विचारलं. मार्सेल म्हणाला, पगार तुम्ही ठरवा. राहायची जागा? कुठलीही चालेल. मामाला वाटलं माणूस भोळा आहे.

मग मार्सेल म्हणाला, "रजा मला वर्षाला तीन महिने लागेल. बिनपगारी द्या. पण दर वर्षी, आणि लेखी."

मामाने विचारलं, घरी आजारी आहे का कुणी? मार्सेल म्हणाला, नाही, घरी सगळं ठीक आहे. मामा इन्शाल्ला म्हणाला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर बघू. बत्तीस वर्षांत मार्सेलने तो शब्द ऐकून कितीदा मान डोलावली असेल. या वेळी तो उठला नाही. मामाने शेवटी पोराला हाक मारून कागद मागवला, रजेचं कलम वेगळं लिहवून घेतलं आणि खाली सही केली, तेव्हा मार्सेल उठला.