आबासाहेबांचे ‘बराबर’

आबासाहेबांना मी प्रथम पाहिले ते मी लग्न होऊन हिंगोलीस आले तेव्हा. कॉन्व्हेंटात शिकलेल्या सुनेला मराठी येते की नाही, हे पाहायला अर्धी गल्ली ओसरीवर जमली होती. यजमानांचे स्नेही म्हणून आबासाहेबही आले होते. त्यांनी माझ्याकडे पाणी मागितले, मी आणून दिले. ते पिऊन गल्लीला म्हणाले, “कळतं की मराठी. जा आता घरी.”

आबासाहेब वकील म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. मला ते वेगळ्या कामामुळे कळले.

यजमान अकाली गेले. मागे डोंगरकडा गावची जमीन आणि मुंबईच्या एका कापडगिरणीचे शेअर राहिले. गिरणी यजमानांनी पारखून निवडली होती, भाव चढत होता. माझ्या दोन्ही मुली सिकंदराबादेस वसतिगृहात होत्या. त्यांचे शिक्षण एवढ्यावरच चालायचे होते. मी सगळी जमीन कापसाखाली आणायचे ठरवले आणि आबासाहेबांना विचारले, “हे बराबर आहे ना?”

आपल्याकडे बराबर म्हणजे योग्य, आणि बराबर म्हणजे तराजूच्या पारड्यांसारखे समतोलही. मी एका अर्थाने विचारले, त्यांनी दुसऱ्या अर्थाने उत्तर दिले.

“निवड चांगली हाय, वैनी. पण बराबर न्हाई. शेतात कापूस, गिरणीतबी कापूस. कापड खपलं न्हाई तर दोन्ही पोरी एकाच गाडीनं घरी येतील.”

थोडे शेअर विकावेत, असे ते म्हणाले, पण यजमानांनी घेतलेले विकणे माझ्या जिवावर आले. आबासाहेबांनी घाई केली नाही. निवडणाऱ्याची यात चूक नाही, असे त्यांनी मला समजावले. पण एक बाजू फार वाढली की दरसाल तिच्यातले काढून दुसरीकडे घालावे लागते, नाहीतर चांगली निवडही घात करते. मग दर पाडव्याच्या सुमारास ते येत. थोडे शेअर विकून सरकारी रोखे घेतले. अर्ध्या रानात जोंधळा आणि तूर आली, काही मेंढ्या धनगराकडे अर्ध्या वाट्याने दिल्या. या सल्ल्याचे मोल त्यांनी चहापलीकडे कधी घेतले नाही.

आम्ही विकले आणि गिरणीचा भाव आणखी चढला. वकिलाने घर बुडवले, असे माझे दीर चारचौघांत बोलू लागले. मी रडकुंडीला येऊन आबासाहेबांना सांगितले, तर ते हसले.

“म्हणू द्या की. औंदा अजून थोडं विकू.”

पुढे कापडाचा उठाव थांबला. गिरणीचे शेअर कोणी फुकट घेईना, कापूस घरात पडून राहिला. आमच्याकडे खायला जोंधळा होता आणि रोख्यांचे व्याज येत होते. मुलींची फी एकदाही थकली नाही. दिरांनी मात्र सारे त्याच गिरणीत घातले होते. ते आबासाहेबांच्या दारी गेले, तेव्हा आबासाहेबांनी मागचे काहीही न काढता त्यांना शेजारी बसवून घेतले आणि उरलेल्याची घडी बसवून दिली.

माझी थोरली आज शिक्षिका आहे. धाकटी डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिली नाडी आबाकाकांचीच पाहणार म्हणते. आज आबासाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्या नाडीत तिला काही म्हणता काही सापडू नये, आणि तिचे स्वतःचे केस पिकेपर्यंत तिला त्यांच्याकडे केवळ गप्पा मारायला जावे लागावे, एवढेच माझे देवाजवळ मागणे आहे.