भट्टीघरातल्या चिठ्ठ्या

लिल्लबेरीच्या गुन्वर नूर्डलुंडनं बावीस वर्षांत गावात कुणाशी तोंडानं भांडण केलं नव्हतं. तोंडानं तिथे कुणीच भांडत नसे. गावच्या भट्टीघरात अकरा बायका पाळीपाळीनं जवाच्या पातळ भाकऱ्या भाजायच्या आणि विकायच्या. एकीचं दुसरीला खटकलं की भिंतीवर बिनसहीची चिठ्ठी डकवायची, आणि समोरासमोर आल्या की बर्फाबद्दल बोलायचं. अक्षर कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक असायचं, पण तसं दाखवणं असभ्यपणाचं.

त्या हिवाळ्यात सरकारकडून नव्या नियमाचा मसुदा आला. विकायचं अन्न ज्यानं त्यानं स्वतःच्या वेगळ्या जागेत बनवायचं. सामायिक जागेला परवाना नाही, कारण तिथे जबाबदार असा कुणीच नसतो. म्हणजे अकराही धंदे बंद. स्वतःची भट्टी बांधायची ऐपत एकीचीही नव्हती.

गुन्वर ही जिल्ह्यातल्या छोट्या धंदेवाल्या बायकांच्या संघटनेची अध्यक्ष. निवडणुकीच्या सभेत ती कॉफी ओतायला उठली आणि त्या क्षणी उभी असलेली ती एकटीच होती, म्हणून झाली. पण अंगावर पडलेलं काम अर्धवट टाकणाऱ्यांतली ती नव्हे. तिनं मसुद्याला चाळीस पानी उत्तर लिहिलं, लाल फाइलला लावलं, आणि समितीनं तिला दहा मिनिटं बोलायला स्टॉकहोमला बोलावलं.

दारातच चिटणिसानं फाइल घेतली, प्रती काढल्या आणि सातही सभासदांपुढे मांडल्या. कागद वाटल्याशिवाय तिथे कुणी खोकतसुद्धा नाही. गुन्वर बसली आणि तिनं समोरच्या प्रतीकडे पाहिलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं: ‘काल जिनं परात खरवडली नाही, तिची आई इथे कामाला नाही.’

भट्टीघराच्या फळीवर लाल फायली दोन होत्या. भिंत भरली की जुन्या चिठ्ठ्या गुन्वर दुसरीत लावून ठेवायची, कारण कुणाचं लिहिलेलं फेकणं तिच्या जिवावर यायचं. घाईत तीच फाइल उचलून तिनं गावची बावीस वर्षांची धुणी राजधानीत आणून टेबलावर मांडली होती.

सगळे मान खाली घालून वाचत होते. आपण अकरा जणींचं वाटोळं केलं, असं गुन्वरला वाटलं, आणि डोळे भरून येऊ नयेत म्हणून ती छताकडे बघत राहिली.

नियमाचं ते कलम यॉरान नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं. त्यानं चष्मा सारखा करून, तिकडच्या रिवाजाप्रमाणे नावानंच हाक मारत विचारलं, “गुन्वर, हे काय आहे?”

“आमच्या भट्टीघरातल्या चिठ्ठ्या. उत्तर तिथेच फळीवर राहिलं.”

त्यानं एक मोठ्यानं वाचली. “‘आमच्या अध्यक्षबाईंना सरकारशी भांडायला वेळ आहे, भट्टी झाडायला नाही.’ ही अध्यक्ष कोण?”

“मी.”

“मग झाडलीस?”

“त्याच संध्याकाळी. खिडक्याही पुसल्या.”

कुणीतरी हसू दाबलं. गुन्वरला पाठ केलेलं भाषण आठवेना, मग जे मनात होतं तेच ती बोलली. “तुमचा तपासनीस वर्षातून एकदा येतो, यॉरान, तोही आधी कळवून. ही चिठ्ठी लिहिणारी इंगेगेर्द रोज येते.”

मग यॉराननं कबूल केलं की त्याच्या इमारतीत चौतीस घरांना मिळून कपडे धुण्याची एकच खोली आहे, आणि वाळवणयंत्राच्या जाळीतला कचरा न काढणाऱ्यांना चिठ्ठ्या तोच लिहितो. यावर समितीच्या प्रमुख बाईंनी आपल्या इमारतीतल्या कचऱ्याची हकिकत सांगितली. दहा मिनिटांची पन्नास झाली. भाकरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि सगळं बुडालं असं समजून गुन्वर गाडीत बसली.

मे महिन्यात पक्का नियम आला. सामायिक जागा चालेल. मात्र वापरणाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या लेखी तक्रारी तारीखवार तीन वर्षं जपून ठेवाव्यात आणि मागितल्यावर दाखवाव्यात. गुन्वरनं तो कागद दोनदा वाचला, भट्टीघरात एकटीच रडली आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसून आणखी अवतार करून घेतला.

दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी होती. ‘भट्टी वाचली, बरं झालं. मंगळवारी झाडायची पाळी कुणाची होती?’ अक्षर उजवीकडे कललेलं, सगळ्यांच्या ओळखीचं. पण या वेळी वर तारीख घातली होती, आणि खाली, भट्टीघर बांधल्यापासून पहिल्यांदाच, ठसठशीत सही होती: इंगेगेर्द.

गुन्वरनं आधी भट्टी झाडली. मग चिठ्ठी फाइलला लावली.