आवाज तोडू नको

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. ताराआत्या माझ्या मोटारसायकलची रोज करायची. मी उरणच्या कचेरीला निघालो की सारसोळ्याच्या आमच्या अंगणात ती ताट घेऊन यायची, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर ओल्या हळदीकुंकवाचा जाड टिळा दाबायची आणि म्हणायची, "जा. पन आवाज तोडू नको रं बाला."

विधवेने कुंकवाला हात लावू नये, असं कुणी म्हटलं की ती फटकन उत्तर द्यायची, "माज्या कपालावर नाय, गारीच्या कपालावर लावते!"

तिचे यजमान मासेमारीला गेले असताना खाडीच्या तोंडाशी होडीचं इंजिन भकभकलं आणि थांबलं. मोरा बंदराच्या धक्क्यावरच्या लोकांनी तो आवाज तुटताना ऐकला. होडी सापडली. ते सापडले नाहीत.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि गाडी घेणाराही पहिलाच. जुनी गाडी, पण माझी. खोड एकच. निघताना ठीक चालायची. जरा तापली की चालता चालता अडखळायची आणि बंद पडायची. घटकाभर थांबलं की पुन्हा सुरू. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला, फरक शून्य. मिठागरांमधल्या ओसाड रस्त्यावर मागून ट्रकचा आवाज आला की मी बंद गाडी घाईघाईनं कडेच्या मातीत ढकलायचो. घरी बोलायचो नाही. आत्या माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखायची.

"आज तुटला ना? त्यांचा यंजिन बी असाच कराचा."

दुसऱ्या दिवशी टिळा आणखी जाड.

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला. पनवेलच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, पण ती गाडीवर बसेना.

"आत्या, बीएस्सी झालेला माणूस चालवतोय."

"बीएस्सीला पान्यात पोवता येतं का रं?"

बसली शेवटी. हायवे ओलांडताना नेमकं मधोमध इंजिन अडखळलं. तिची नखं माझ्या खांद्यात रुतली. "तोडू नको, बाला, तोडू नको!"

तुटला. ट्रकचा हॉर्न अंगावर आला. तिला तशीच बसवून, पायांनी रेटत मी गाडी कडेला घेतली. ट्रक इतक्या जवळून गेला की तिचा पदर उडून माझ्या तोंडावर आला.

पेट्रोल बघावं म्हणून झाकण उघडलं, तर फुस्स! हवा आत ओढली गेली. एका किकमध्ये गाडी सुरू. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते हळदीकुंकवानं गच्च बुजलं होतं. आत हवा नाही, म्हणून खाली पेट्रोल नाही. गाडी तापण्याशी त्याचा संबंधच नव्हता. माझं बोट लाल-पिवळं झालं होतं. आत्यानं चांगल्या डोळ्यानं ते बघितलं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली,

"म्हंजे मीच तोडत व्हते?"

तिच्याच पदराची पिन घेऊन मी ते भोक मोकळं केलं.

गाडी नंतर कधी बंद पडली नाही. आत्याची भीती मात्र वाढली. आता तिच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. ताट घेऊन ती पुन्हा कधी बाहेर आली नाही. दाराआड उभी राहून आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहायची.

काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी म्हणाली, "गारी चालू कर. जाव नको कुठं. नुसती चालू ठेव."

मी अंगणात गाडी सुरू केली आणि तिच्या उशाशी येऊन बसलो. इंजिन संथ, एका लयीत चाललं होतं.

"तुटला नाय ना?"

"नाही आत्या. ऐक ना."

तिचा हात माझ्या हातात कधी सैल पडला, मला कळलंच नाही. शेजारी जमले. कुणीतरी म्हणालं, "आता बंद कर रं ती."

मी उठलो नाही. टाकीत पेट्रोल होतं तोवर ती चालत राहिली.